धागा: द्राक्षाचा 'क्लास वन' कायद्यात नेमका कसा मोजतात?

कादवाकाठ

निर्यातीचा हंगाम सुरू झाला की 'क्लास वन' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो. तोडणीचा मुकादम म्हणतो, पॅकहाऊसचा सुपरवायझर म्हणतो आणि तिकडून क्लेम आला की आयातदारही म्हणतो. अर्थ मात्र तिघांचा वेगळा. कुणी मण्याची जाडी धरतं, कुणी गोडी, कुणी रंग. शेतकऱ्याच्या पट्टीतून पैसे कापले जातात तेही याच शब्दाच्या जोरावर. तेव्हा एकदा नियमाचा मजकूर समोर ठेवून बोलूया. प्रश्न असे:

१. ही प्रत कोणत्या कायद्यात लिहिलेली आहे? भारताच्या की युरोपच्या?
२. १८ मिमी मणी आणि १६ गोडी यांपैकी कायद्याचं काय आणि खरेदीदाराचं काय?
३. एका बॉक्समध्ये दोन घड प्रतीने हलके निघाले तर सगळा कंटेनर 'क्लास टू' करता येतो का?
४. उन्हाने पिवळट झालेला मणी दोषात धरायचा का?

मोजपट्टी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही.

आपल्याकडे मूळ कायदा १९३७ चा, कृषी उत्पादन (प्रतवारी आणि चिन्हांकन) अधिनियम. अ‍ॅगमार्क त्यातूनच आला. त्याखाली फळं-भाजीपाल्याचे २००४ चे नियम आहेत आणि त्यांच्या अनुसूचींत द्राक्ष, आंबा, डाळिंब अशा एकेका मालाची प्रत शब्दांत लिहिलेली आहे. देशातल्या बाजारात ताज्या फळांना अ‍ॅगमार्क ऐच्छिक आहे, लावला नाही म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. पण लावायचाच असेल तर विपणन आणि निरीक्षण संचालनालयाचं अधिकारपत्र लागतं, आणि चिन्ह लावलं की अनुसूचीतला प्रत्येक शब्द बंधनकारक.

युरोपात उलट आहे. तिथे प्रमाणकात न बसणारं द्राक्ष ताजं म्हणून विकायलाच मनाई आहे. २०११ चा ५४३ क्रमांकाचा नियम बरीच वर्षं चालला. १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी २०२३ चा २४२९ क्रमांकाचा नियम लागू झाला. द्राक्षाच्या बाबतीत गाभा तोच राहिला आणि तो संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या प्रमाणकाशी जुळतो.

दोन्ही टोकं जोडणारा दुवा म्हणजे संचालनालयाची तपासणी. युरोपने ज्या मोजक्या देशांची निर्यातीआधीची तपासणी मान्य केली त्यांत भारत आहे. म्हणून युरोपला जाणाऱ्या द्राक्षाला अ‍ॅगमार्क प्रतवारीचं प्रमाणपत्र, म्हणजे सीएजी, घ्यावं लागतं. फायटो, म्हणजे वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र, वेगळं, सीएजी वेगळं. फायटो कीड-रोगाबद्दल बोलतं, सीएजी प्रतीबद्दल.

वाकडीकाकडी

पण युरोपने हे नियम रद्द केले होते ना? काकडीचा बाक किती असावा वगैरे?

मोजपट्टी

अर्धं खरं. १ जुलै २००९ पासून २६ मालांची खास प्रमाणकं गेली, त्यांत काकडीही गेली. १९८८ च्या त्या नियमात चांगल्या प्रतीच्या काकडीला दर १० सेंमी लांबीमागे १० मिमीपर्यंतच बाक चालत असे. पण दहा मालांची प्रमाणकं राहिली: सफरचंद, लिंबूवर्गीय फळं, किवी, लेट्यूस, पीच-नेक्टरीन, नाशपाती, स्ट्रॉबेरी, ढोबळी मिरची, टोमॅटो आणि आपलं द्राक्ष. युरोपच्या फळ-भाजी व्यापाराचा तीन चतुर्थांश भाग या दहांतच येतो. 'नियम गेले' असं ऐकून द्राक्षात कुणी ढिलाई करू नये.

पॅकहाऊस_पिंपळगाव

प्रतींचा मजकूर सोप्या भाषेत देतो. टेबलावर बसणाऱ्या मुलींना शिकवताना याच शब्दांत सांगावं लागतं.

कोणत्याही प्रतीला लागू असलेली किमान अट: घड आणि मणी निरोगी, स्वच्छ, कीड जवळपास नाही, किडीने केलेली इजाही जवळपास नाही, बाहेरचं अनैसर्गिक पाणी नाही, परका वास-चव नाही. मणी अखंड, नीट वाढलेला. तडकलेला मणी इथेच बाद, प्रतीचा प्रश्नच येत नाही. मिलीबगची काजळी असलेला घडही इथेच बाद.

'एक्स्ट्रा': मणी घट्ट, देठाला पक्के धरलेले, दांड्यावर सारख्या अंतराने बसलेले आणि मण्यावरची पांढरी लव जवळपास पूर्ण टिकलेली. घडात दोष नाही, चालतो तो फक्त सालीवरचा अगदी किंचित दोष, तोही एकूण दिसणं आणि टिकवण बिघडवत नसेल तर. लव टिकवायची तर घड दांड्यानेच उचलायचा. मण्याला बोट लागलं की ठसा उमटतो आणि तो परत जात नाही. थ्रिप्सचा (फुलकिड्यांचा) चट्टा किंवा फांदी घासल्याची रेघ घडाच्या एकूण दिसण्यात उठून दिसली की घड 'एक्स्ट्रा'तून बाहेर.

'क्लास वन': मणी घट्ट आणि पक्के हवेतच, लव शक्य तितकी हवी. अंतर थोडं कमी-जास्त चालतं. आकारात किंचित दोष, रंगात किंचित फरक, आणि फक्त सालीपुरता अगदी हलका उन्हाचा चटका चालतो.

'क्लास टू': मणी पुरेसे घट्ट, पुरेसे धरलेले. हलका दाब, सालीवरचे हलके डाग, सालीपुरता हलका चटका चालतो.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. उन्हाने मण्याला पिवळट किंवा मधासारखी झाक येते ती दोष नाही, असं प्रमाणकात स्पष्ट वाक्य आहे. दोष कुठला? साल तपकिरी होऊन आत बसलेली, खालचा गर सुकलेला. अंगठ्याने हलकं दाबा. झाक असलेला मणी बाकीच्यांसारखाच टणक लागतो, चटका बसलेला तिथे मऊ किंवा चामड्यासारखा लागतो. ऊन जास्त लागणाऱ्या बाजूचे घड वेगळ्या क्रेटमध्ये तोडले तर टेबलावर हा घोळ निम्मा होतो. आयातदाराला एकाच हिरव्या छटेचा माल हवा असेल तर तो त्याच्या कराराचा भाग. पिवळी झाक म्हणजे कायद्याने 'क्लास टू', असं कुणी सांगितलं तर वाक्य दाखवायला सांगा.

सांगलीकर

आणि १८ मिमी? आमच्याकडे रिंग लावून मणी बघतात, १८ च्या खाली गेला की 'क्लास वन नाही' म्हणतात.

मोजपट्टी

युरोपच्या द्राक्ष प्रमाणकात मण्याचा व्यासच नाही. आकार ठरतो घडाच्या वजनावर, आणि किमान ७५ ग्रॅम. १६ मिमी, १८ मिमी, घड अमुक ग्रॅमचा, पनेट (छोटा डबा) ५०० ग्रॅमचं, ही सगळी खरेदीदाराची मागणी. ती करारात असेल तर पाळावीच लागेल, त्यावर भावही ठरेल. पण 'साइज लागला नाही' आणि 'प्रत लागली नाही' ही दोन कारणं पट्टीवर वेगळी लिहून घ्या. १७ मिमीचा निरोगी घट्ट मणी कायद्याने 'क्लास वन' राहतो आणि दुसऱ्या खरेदीदाराला त्याच नावाने विकता येतो. 'क्लास टू' लिहून घेतलात तर तो हक्क जातो.

टायट्रेशन

गोडीबद्दल लिहिते, कारण इथे दोन प्रमाणकं वेगळं बोलतात.

गोडी ब्रिक्समध्ये मोजतात, रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या उपकरणाने. युरोपच्या प्रमाणकात बिनबियांच्या जातींना किमान १४ ब्रिक्स, बियांच्या जातींना १३, आणि अल्फोन्स लावाले, कार्डिनल व व्हिक्टोरिया या तीन जातींना १२. शिवाय साखर-आम्लाचं गुणोत्तर समाधानकारक हवं.

कोडेक्सचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न प्रमाणकं ठरवणाऱ्या आयोगाचं, २००७ चं २५५ क्रमांकाचं प्रमाणक १६ ब्रिक्स मागतं. पण १६ नसेल तरी वाट आहे: १४ ते १६ च्या मध्ये असेल तर गुणोत्तर किमान १८:१, आणि १२.५ ते १४ च्या मध्ये असेल तर किमान २०:१. गोडी जितकी कमी तितकं आम्ल आणखी कमी हवं.

गुणोत्तर काढायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. गाळलेला रस १० मिली घ्या, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन-तीन थेंब टाका, ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब सोडा. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. लागलेले मिली गुणिले ०.०७५ म्हणजे टार्टारिक आम्लाची टक्केवारी.

उदाहरण: ९.२ मिली लागले, आम्ल ०.६९ टक्के. ब्रिक्स १५. भागाकार २१.७. पास, १६ नसूनही पास.
दुसरं: ९.६ मिली, आम्ल ०.७२ टक्के. ब्रिक्स १३.६. भागाकार १८.९. इथे २० हवं होतं, म्हणून नापास. हेच १८.९ गुणोत्तर ब्रिक्स १४ असताना आलं असतं तर चाललं असतं.

आता मोजताना कुठे चुकतं ते. पहिली चूक, एकच मणी पिळून गोडी सांगायची. घडाच्या खांद्याकडचा मणी आणि शेंड्याचा मणी यांत फरक असतो, शेंडा मागे असतो. म्हणून वरचा, मधला, शेंड्याचा असे मणी वेगवेगळ्या घडांतून, वेगवेगळ्या ओळींतून घेऊन एकत्र रस काढा. दुसरी, रिफ्रॅक्टोमीटर डिस्टिल्ड पाण्यावर शून्य न करणं. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका, त्यात क्षार असतात. तिसरी, तापमान. साधा रिफ्रॅक्टोमीटर २० अंश सेल्सिअसला बरोबर असतो. रस ३० अंशाला असेल तर आकडा सुमारे पाऊण ब्रिक्सने कमी दिसतो. आपोआप दुरुस्ती करणारे बरेच हातातले रिफ्रॅक्टोमीटर १० ते ३० अंशांपर्यंतच भरवशाचे. मार्चच्या दुपारी बागेत ३६ अंशांत घेतलेला आकडा आणि शीतगृहाच्या दारात घेतलेला आकडा जुळत नाही तो यामुळेही. रस सावलीत थंड होऊ द्या, मग मोजा.

कादवाकाठ

ताई, तुम्ही हिशेबासकट लिहिलंत, फार उपयोग झाला. तिसरा प्रश्न मात्र अजून उघडा आहे.

मोजपट्टी

तिसऱ्या प्रश्नात सगळ्यात जास्त पैसे अडकलेले असतात, म्हणून सावकाश.

प्रत एका घडाची ठरत नाही, लॉटची, म्हणजे एकत्र पाठवलेल्या एकसारख्या मालाची ठरते. सवलत नियमातच लिहिली आहे. 'क्लास वन'मध्ये वजनाने १० टक्के घड 'क्लास टू'च्या दर्जाचे चालतात. त्या १० टक्क्यांच्या आतच १ टक्क्यापर्यंत 'क्लास टू'तही न बसणारा किंवा कुजका माल. 'एक्स्ट्रा'त ५ टक्के 'क्लास वन'च्या दर्जाचे आणि त्याच्या आतच ०.५ टक्क्यापर्यंत 'क्लास टू'च्या दर्जाचे. 'क्लास टू'त १० टक्के आणि त्यात कुजका २ टक्क्यांपर्यंत.

आता एक ४.५ किलोचा बॉक्स घ्या. १० टक्के म्हणजे ४५० ग्रॅम. घड ३५० ग्रॅमचा असेल तर एक हलका घड बसतो, दुसरा आला की ७०० ग्रॅम, बॉक्स हरला. घड मोठे असले की एका बॉक्सवर निकाल लावणं किती अन्यायाचं होतं ते इथे दिसतं. म्हणून निकाल एका बॉक्सवर लावायचा नसतो. युरोपच्या नियमात नमुन्याची किमान संख्या दिलेली आहे: १०० बॉक्सपर्यंतच्या लॉटला ५, १०१ ते ३०० ला ७, ३०१ ते ५०० ला ९, ५०१ ते १००० ला १०, हजाराच्या वर १५.

कंटेनरमधला एकसारखा लॉट हजाराच्या वर धरू. १५ बॉक्स, ६७.५ किलो. सवलत ६ किलो ७५० ग्रॅम. ३५० ग्रॅमचे १९ घड म्हणजे ६ किलो ६५०, लॉट 'क्लास वन'. विसावा घड आला की ७ किलो, लॉट घसरला. आणि कुजका माल ६७५ ग्रॅमच्या वर गेला तर बाकी सगळं उत्तम असूनही घसरला.

म्हणजे दोन घडांवरून कंटेनर 'क्लास टू' होत नाही. आयातदाराने दोन बॉक्सचे फोटो पाठवले तर विचारा: किती बॉक्स उघडले, लॉट क्रमांक कोणता, दोषी घडांचं वजन किती. ही तीन उत्तरं नसलेला क्लेम मान्य करू नये.

रॉटरडॅमहून

इकडच्या बाजूने थोडी भर. नेदरलँड्समध्ये प्रतीची तपासणी केसीबी नावाची संस्था करते. तपासनीसाला लॉटमध्येच फरक दिसला, म्हणजे पुढचे पॅलेट चांगले आणि मागचे ढिले, तर तो लॉट विभागून वेगळा निकाल देऊ शकतो. पहिल्या नमुन्यावर निर्णय होत नसेल तर दुसरा नमुना घेतात आणि दोन्हींची सरासरी धरतात.

लॉट नापास झाला तरी लगेच फेकून देत नाहीत. ताबा असलेल्याला तीन वाटा असतात: पुन्हा निवडून प्रत सुधारायची, खालच्या प्रतीचं लेबल लावायचं, किंवा प्रक्रियेला द्यायचा. पुन्हा निवडण्याची मजुरी इथे महाग, म्हणून बरेच जण दुसरा मार्ग धरतात आणि फरक शेतकऱ्यावर टाकतात. करारात आधीच लिहून घ्या की फेरनिवड कोणाच्या खर्चाने.

आणखी दोन गोष्टी क्लेमच्या वेळी उपयोगी पडतील. थंड खोलीतून बाहेर काढल्यावर मण्यावर जमणारं दव हे 'बाहेरचं अनैसर्गिक पाणी' धरत नाहीत. दवाचे फोटो पाठवून 'माल ओला आला' म्हटलं तर ते टिकत नाही. आणि माल रवाना झाल्यानंतरच्या टप्प्यांत ताजेपणा आणि तजेला किंचित कमी झालेला चालतो. 'एक्स्ट्रा' सोडून बाकी प्रतींत नाशवंतपणामुळे आलेली किंचित घसरणही चालते. समुद्रातून आठवडे काढून आलेल्या मालाला पॅकहाऊसच्या टेबलावरची फूटपट्टी लावायची नाही, हे नियम बनवणाऱ्यांनीही ओळखलं आहे.

सांगलीकर

गळलेल्या मण्यांचं काय? बहुतेक कापाकापी तिथेच होते.

पॅकहाऊस_पिंपळगाव

सुटे मणी वेगळ्या खात्यात जातात. 'क्लास वन' आणि 'क्लास टू'ला वरच्या सवलतींशिवाय आणखी १० टक्क्यांपर्यंत सुटे मणी चालतात, अट एवढीच की ते अखंड आणि निरोगी असावेत. ४.५ किलोच्या बॉक्सला ४५० ग्रॅम. सुटा पण अखंड मणी 'कुजका' खात्यात टाकलेला दिसला तर हरकत घ्या. देठ तुटून रस गळत असलेला मणी मात्र अखंड नाही, तो सवलतीत येत नाही.

गळ होते का, ते पॅकिंगच्या आधीच ठरलेलं असतं. जीएच्या (जिबरेलिक आम्ल या वाढ-संजीवकाच्या) डिपिंगचा डोस वाढला की फुगवण येते, पण मण्याचा देठ जाड, कडक आणि ठिसूळ होतो. तो वाकत नाही, तुटतो. दुसरं कारण, तोडणी उशिरा, ऊन चढल्यावर. गरम घडाचं पाणी उडतं, दांडा तपकिरी होतो आणि मणी सैल पडतात. तोडणी सकाळी लवकर, क्रेट सावलीत, आणि तोडल्यापासून सहा तासांच्या आत प्रीकूलिंगमध्ये (पॅकिंगनंतर माल झटपट थंड करण्याच्या खोलीत) गराचं तापमान ४ अंशांखाली. त्यानंतर ० ते १ अंश आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता.

क्रम चुकवू नका: प्रीकूलिंग होईपर्यंत लायनर (बॉक्सच्या आतली प्लास्टिक पिशवी) उघडा, मग ग्रेपगार्ड (सल्फर डायऑक्साइड वायू सोडणारा पॅड) ठेवायचा, मग लायनर बंद. माल गरम असताना पॅड ठेवून लायनर बंद केला तर आत पाणी सुटतं, पॅड एकदम गॅस सोडतो आणि देठाच्या खोबणीभोवती मणी पांढरा पडतो. ते पांढरं वर्तुळ नंतर जात नाही आणि सवलतीत मोजलं जातं.

वाकडीकाकडी

आंबा आणि कांद्याला पण असंच आहे का?

मोजपट्टी

युरोपात आंब्याला खास सक्तीचं प्रमाणक नाही, सर्वसाधारण प्रमाणक लागतं: अखंड, निरोगी, स्वच्छ, मूळ देशाचं नाव. आकाराचे गट कोडेक्समध्ये आहेत: अ गट २०० ते ३५० ग्रॅम, ब ३५१ ते ५५०, क ५५१ ते ८००. लोक चुकतात ते पुढच्या रकान्यात. एका पेटीतल्या फळांत अ गटात ७५ ग्रॅमहून जास्त फरक नको, ब मध्ये १००, क मध्ये १२५. हापूसची पेटी २१० आणि ३२० ग्रॅमच्या फळांची भरली तर दोन्ही अ गटातच, पण फरक ११० ग्रॅमचा, म्हणून पेटी एकसारखी नाही. वजनाच्या दोन ओळी करून भरल्या की प्रश्न सुटतो.

कांद्याचंही तत्त्व हेच. संयुक्त राष्ट्रांच्या प्रमाणकात सगळ्यात लहान कांदा ४० ते ७० मिमीच्या दरम्यान असेल तर पिशवीतला फरक २० मिमीपेक्षा जास्त नको. आपल्या लिलावातली गोल्टी, खाद ही नावं व्यापाराची आहेत, बाजार बदलला की त्यांचे मिलिमीटर बदलतात. निर्यातीच्या करारात मिमीच लिहा.

द्राक्षमित्र

पण 'क्लास वन' पास झालेला माल औषधाच्या अंशात अडकतो, मग प्रतवारीचा उपयोग काय?

टायट्रेशन

दोन्हींचा संबंध नाही, म्हणूनच दोन्ही लागतात. प्रतवारी डोळ्याने, हाताने आणि रिफ्रॅक्टोमीटरने होते. औषधाचा अंश त्यात दिसत नाही. २०१० साली आपली द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे. वाढ रोखायला वापरतात ते लिहोसिन तेच. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. फळ दिसायला उत्तम होतं, प्रतीत काही खोट नव्हती. ज्या औषधाला युरोपने वेगळी मर्यादा ठरवलेली नाही तिथे ०.०१ मिलिग्रॅम धरतात.

म्हणून क्रम असा असतो: अपेडा या केंद्राच्या निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटवर प्लॉटची नोंदणी, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखालच्या अंश नियंत्रण आराखड्यानुसार नमुना आणि प्रयोगशाळेचा अहवाल, मग तोडणी, पॅकिंग, सीएजी, फायटो. अहवाल त्या प्लॉटचा असतो, शेतकऱ्याचा नाही. शेजारच्या प्लॉटचे चार क्रेट मिसळले तर अहवालही खोटा ठरतो आणि लॉटही.

कादवाकाठ

शेवटचं एक. बॉक्सवर नेमकं काय छापलेलं हवं? आणि दांड्याला थोडी काडी राहिली तर?

पॅकहाऊस_पिंपळगाव

पॅक करणाऱ्याचं किंवा पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता किंवा मान्य संकेतांक, आतला माल बाहेरून दिसत नसेल तर 'टेबल ग्रेप्स', जातीचं नाव, मूळ देश आणि प्रत. यातलं एक जरी नसलं तरी माल चांगला असून बॉक्स नियमात बसत नाही. प्रत अक्षरात स्पष्ट हवी, पेनाने खोडून बदललेली नको. खालच्या प्रतीत टाकायचं असेल तर नवीन लेबल.

काडी ५ सेंमीपर्यंत चालते, मांडणीचा भाग म्हणून ठेवता येते. टोक मात्र तिरकं कापू नका, प्रवासात तेच शेजारच्या मण्यात घुसतं.

कादवाकाठ

सरळ काप द्यायला सांगतो. पट्टीवर 'साइज' आणि 'प्रत' असे दोन रकाने करून घेतले आहेत, या हंगामापासून वजनं तिथेच लिहू.